गिटारीचें माहेर आणि सासर

इतिहासाच्या अभ्यासकांना एक जुनी खोड आहे. राजे, तह, लढाया आणि सनदा यांच्या तारखा ते प्राणापलीकडे जपतात. पण ज्या वस्तूंनीं सामान्य माणसाची संध्याकाळ घडविली, त्या वस्तूंची कुळकथा कोणी सांगूं लागला, तर त्याला हौशी ठरवून पंगतीच्या टोकाला बसवितात. धुळें येथें इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नांवाचें संशोधन मंडळ १९२७ पासून उभें आहे. तेथील दप्तरांना वंदन करूनच असें म्हणावेंसें वाटतें, कीं एखाद्या मोडक्या वाद्याच्या अंगावरहि एक दप्तर लिहिलेलें असतें. फक्त त्याची लिपि मोडीहून निराळी असते. आज वाचकांपुढें असेंच एक दप्तर उलगडावयाचें आहे. विषय आहे विजेवर वाजणारी गिटार. तीहि नवी करकरीत नव्हे, तर वापरलेली, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं आलेली, बाजारांत जिला ‘सेकंडहँड’ म्हणतात ती. जळगांव-धुळ्याच्या सुशिक्षित घरांत या वाद्याला आतां मानाची खुंटी मिळाली आहे. मुलानें दहावीला चांगले गुण मिळवावे आणि वडिलांजवळ गिटार मागावी, यांत आपल्याकडे आतां नवल राहिलेलें नाहीं. प्रश्न इतकाच, कीं ही पाहुणी आपल्या घरीं आली कशी, आणि तिच्याच नात्यांतल्या दुसऱ्या एका वाद्याला आपण दाराबाहेर कां उभें केलें?

गिटारीचें नांव काढतांच कित्येक वडीलधारे ‘परकें वाद्य’ एवढा शेरा मारून मोकळे होतात. या शेऱ्याचा निकाल आधीं लावला पाहिजे. कर्नाटक संगीताची आज व्हायोलिनवांचून कल्पनाहि करवत नाहीं. पण बाळुस्वामी दीक्षितांच्या (१७८६–१८५९) पिढीनें तें हातीं घेईपर्यंत तें साहेबांच्या बँडांतलें वाद्य होतें. आपल्या भजनाची, कीर्तनाची आणि नाट्यपदाची सोबतीण जी पेटी, तिचें माहेर पॅरिस. तेथील अलेक्सांद्र दबें या कारागिरानें १८४२ मध्यें हार्मोनियमचें पेटंट घेतलें. तें वाद्य खुर्चीवर बसून, पायांनीं भाता मारून वाजवावयाचें होतें. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनीं १८७५ च्या सुमारास त्याचे पाय काढून टाकले, हातानें भाता हालविण्याची सोय केली, आणि तें मांडी घालून बसणाऱ्या माणसापुढें आणून ठेविलें. मराठींत त्याला ‘पेटी’ हें नांव पडलें, त्या दिवशीं त्याचें सासर ठरलें. परक्या वस्तूला घरगुती नांव मिळणें, हाच तिचा गृहप्रवेश होय.

या गृहप्रवेशाशीं खानदेशाचाहि थोडा संबंध पोंचतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), यांचें लहानपणीचें कांहीं गायनशिक्षण जळगांवांत मेहबूबखां यांच्याजवळ झालें. जळगांवचें खुलें नाट्यगृह आज त्यांचेंच नांव वागवितें. ज्या गळ्यानें पुढें सारा महाराष्ट्र वेडा केला, त्याच्या साथीला रंगभूमीवर काय होतें? पेटीचा भारदस्त थोरला भाऊ, विलायती ऑर्गन! गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनीं तर पेटीला साथीच्या पाटावरून उचलून स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसविलें. इतकें होऊनहि १९४० मध्यें ‘ऑल इंडिया रेडिओ’नें हार्मोनियमला बंदी केली, आणि ती बंदी तीस वर्षें टिकली. बंदी घालणाऱ्यांचा आक्षेप खोटा होता असें नव्हे. पेटीचे स्वर जागच्या जागीं खिळलेले. तिला मींड नाहीं, श्रुतींचे बारकावे नाहींत. पण त्या तीस वर्षांत घराघरांतली पेटी बंद पडली नाहीं. ज्यांना गावयाचें होतें, ते तिच्यासह गातच राहिले. तात्पर्य, वाद्याचें माहेर कोणतें एवढेंच विचारून भागत नाहीं. तें सासरीं नांदलें कीं नाहीं, हें विचारावें लागतें.

आतां गिटारीच्या माहेराकडे वळूं. आज आपण जिला गिटार म्हणून ओळखतों, तिचा बांधा स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराच्या हातून स्थिरावला. तिच्या तारा तांतीच्या आणि आवाज मृदु. दिवाणखान्यांत बसलेल्या दहा-पंधरा माणसांसाठीं ती जन्मली होती. पुढें जहाजांबरोबर ती हवाई बेटांवर गेली. तेथील लोकांनीं तिला पोलादी तारा चढविल्या, मांडीवर आडवी घेतली, आणि तारांवरून पोलादाची कांडी फिरवून ते ती वाजवूं लागले. आपल्याकडे विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरवितात, त्याच जातीचा हा प्रकार. १९१५ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथें मोठें प्रदर्शन भरलें, तेथें हवाईच्या वादकांनीं अमेरिकेला अक्षरशः नादावून सोडलें. मात्र लवकरच एक अडचण पुढें आली. नाचघरांतून कर्णे आणि ढोल वाजूं लागले, कीं बिचाऱ्या गिटारीचें कोणाला ऐकूंच येईना. घरांत गुणी म्हणून वाखाणलेल्या सुनेचा आवाज लग्नघराच्या गलबल्यांत बुडून जावा, तसें तिचें झालें.

या अडचणीचें उत्तर शंभर वर्षें आधींच तयार होऊन बसलें होतें. मायकेल फॅरडे यानें १८३१ मध्यें असें दाखवून दिलें होतें, कीं तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकत्व कमी-अधिक झालें, तर त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. १९३१ मध्यें कॅलिफोर्नियांत जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनीं हेंच तत्त्व गिटारीला लावलें. पोलादी तारेखालीं चुंबक, चुंबकाभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे. वरची तार थरथरली कीं चुंबकाचें क्षेत्र डळमळतें, वेढ्यांतून क्षीण वीज वाहते, आणि ध्वनिवर्धक तिला वाटेल तेवढी मोठी करितो. तारा पोलादाच्याच कां हव्यात, हें यावरून कळेल. तांतीला चुंबक ओळखत नाहीं. ही पहिली गिटार ॲल्युमिनियमची ओतीव, गोल बुडाची आणि लांब दांड्याची होती. लोकांनीं तिला ‘फ्राइंग पॅन’ असें थट्टेचें नांव दिलें. वाचकांनीं तिला खुशाल तवा म्हणावें! आणखी एक योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. त्याच १९३१ च्या मार्च महिन्यांत मुंबईस ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट लागला. ध्वनिवर्धकाच्या ज्या विजेनें गिटारीला कंठ दिला, त्याच विजेनें पुढील कांहीं वर्षांत आपल्या संगीत नाटक कंपन्यांचा कंठ दाबला. यंत्राला दयामाया नसते. तें एका हातानें देतें आणि दुसऱ्या हातानें नेतें.

आवाज विजेवर सोंपविल्यावर गिटारीच्या पोकळ पोटाची गरजच उरली नाहीं. लिओ फेंडर यानें १९५० मध्यें सपाट, भरीव फळीची गिटार बाजारांत आणली आणि १९५४ मध्यें तिची सुधारलेली धाकटी बहीण आणली. मधल्या १९५२ सालीं गिब्सन कंपनीनेंहि आपली भरीव गिटार काढली. फेंडरच्या गिटारीची मान सरसानें चिकटविलेली नसून स्क्रूंनीं बसविलेली होती. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. पण माझ्या मतें हिच्यांतच या वाद्याचें पुढील भवितव्य लिहिलें गेलें. सतार फुटली तर भोपळा नवा आणावा लागतो, आणि मिरजेच्या कारागिराशिवाय तें काम कोणी हातीं घेत नाहीं. ही गिटार मात्र सुटी करितां येते. मान वांकली, मान बदला. वेटोळें जळलें, वेटोळें बदला. खुंटी झिजली, खुंटी बदला. असें वाद्य सहसा मरत नाहीं. तें धनी बदलतें. नव्या दुकानापेक्षां जुन्या बाजारांत तिला अधिक आयुष्य आहे, तें यामुळें.

हिंदुस्थानांत ती प्रथम आली ती कलकत्त्याच्या वाटेनें, आणि आली ती हवाईच्या वेषांत. हवाई बेटांतील वादकांचे फिरते ताफे दुसऱ्या महायुद्धापूर्वीं तेथें येऊन गेले. ताउ मो यांचें कुटुंब तर तेथें कांहीं वर्षें राहिलें. मांडीवरची ही गिटार बंगाली घरांत इतकी रुळली, कीं रवींद्रांच्या गीतांच्या सुरावटी तिच्यावर निघूं लागल्या. मुंबईंत चर्चच्या शाळांतून स्वरलिपि शिकून आलेल्या गोमंतकीय वादकांनीं चित्रपटांचे वाद्यवृंद भरून काढले. व्हॅन शिप्ले यांनीं चित्रपटगीतांच्या धुना विद्युत्-गिटारीवर वाजविल्या आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरीं गेल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनीं १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत गिटारीला संतूर आणि बांसरी यांच्या पंक्तीला बसविलें. विश्वमोहन भट्ट यांनीं तिला जादा तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्यें ग्रॅमी पारितोषिक मिळविलें. दुसऱ्या बाजूला, १९७१ च्या ‘हरे राम हरे कृष्ण’ या बोलपटांतील ‘दम मारो दम’च्या आरंभीं जी गिटार वाजते, ती भूपिंदर सिंग यांची, त्या चार-सहा सुरांनीं एका पिढीच्या तरुणांची झोंप उडविली. हार्मोनियमविरुद्ध जो मुख्य आक्षेप होता, तो येथें लागू पडत नाहीं हेंहि पाहण्यासारखें आहे. गिटारीची तार बोटानें ओढली कीं मींड निघते. परकी असूनहि ती आपल्या गळ्याच्या अधिक जवळची आहे.

तथापि सुरांची आवड आणि वाद्याची मालकी यांत मोठें अंतर होतें. १९९१ पूर्वींच्या परवान्यांच्या राज्यांत परदेशी वाद्य आणणें हें मध्यम स्थितींतल्या माणसाच्या आवांक्याबाहेरचें होतें. जहाजावरचा खलाशी, परदेशीं जाऊन आलेला एखादा भाग्यवान किंवा हॉटेलांतला निवृत्त वादक यांच्याकडून जें हातोहात येई, तेंच. म्हणजे आपल्याकडे गिटार ‘सेकंडहँड’ असणें ही गरिबीची खूण नसून जवळजवळ नियमच होता. खानदेश मुंबईपासून दूर खरा. पण एकाकी कधींच नव्हता. धुळें मुंबई-आग्रा रस्त्यावर, जळगांव आणि भुसावळ रेल्वेच्या हमरस्त्यावर. भुसावळाला तर रेल्वेची मोठी वसाहत आणि तींत अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती. ज्या रुळांवरून आमचा कापूस आणि केळीं बाहेर गेलीं, त्याच रुळांवरून नवे सूरहि आंत आले.

मजजवळ जी गिटार आहे ती मीं २००९ मध्यें एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याकडून साडेचार हजारांना घेतली. त्याला नोकरीसाठीं पुण्यास जावयाचें होतें. त्यानें ती भुसावळच्या एका रेल्वे नोकराच्या मुलाकडून घेतली होती, आणि त्या मुलाकडे ती मुंबईच्या कोणा ऑर्केस्ट्रावाल्याकडून आली होती. कागदपत्र अर्थातच कांहीं नाहीं. पण मघां ज्या दप्तराचा उल्लेख केला तें येथें आहे. पहिले तीन पडदे खोल झिजलेले, बाकीचे जवळजवळ कोरे. म्हणजे कोणी एक धनी साथीचे ठोकळेबंद स्वरमेळच वाजवीत असला पाहिजे. पाठीवर कमरपट्ट्याच्या बक्कलाचे ओरखडे. म्हणजे दुसरा कोणी उभा राहून, रंगमंचावर वाजवीत होता. मागील झांकण काढल्यावर आंत शिसपेन्सिलीनें लिहिलेली तारीख निघाली: १२-३-७८. ती दुरुस्तीची असेल, विक्रीची असेल, किंवा कोणाच्या आयुष्यांतल्या एखाद्या मोठ्या दिवसाची असेल. बखरकाराहून ही पेन्सिल अधिक मितभाषी आहे.

खानदेशचा उन्हाळा कोणत्याहि वाद्याची परीक्षा पाहतो. मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांवर गेला, कीं पट्टीचें लाकूड आकसतें आणि पडद्यांचीं धातूचीं टोकें कडेनें बाहेर येऊन बोटांना बोचतात. पावसाळ्यांत तारांना गंज. एकदां तर वेटोळेंच तुटलें आणि गिटार मुकी झाली. मुंबईस पाठवावी, तर तिच्या किंमतीहून खर्च अधिक. शेवटीं पंपाच्या मोटारी आणि पंखे भरून देणाऱ्या एका कारागिराकडे ती नेली. त्यानें भिंगांतून तें वेटोळें निरखलें, आणि अहिराणींत निकाल दिला, “सर, हाई बी मोटरच शे, फक्त फिरस नही!” पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणतील, कीं तिला मोटार न म्हणतां जनित्र म्हणा, पण फॅरडेच्या कुळांतलें नातें त्यानें अचूक ओळखलें होतें. दोन दिवस खपून, केसाएवढ्या तारेचे कित्येक हजार वेढे देऊन, त्यानें तिला पुन्हां बोलतें केलें. ज्या हातांनीं आमच्या विहिरींचें पाणी केळींच्या बागांना पोंचविलें, त्याच हातांनीं कॅलिफोर्नियाच्या युक्तीला पुन्हां प्राण दिला. त्या दिवसापासून या गिटारीला परकी म्हणावयास माझी जीभ उचलत नाहीं. चाळिशी उलटल्यावर वाजवावयास बसलेल्या माझ्या बोटांना तिनें फार दिवस सोलून काढलें, ही गोष्ट निराळी. आणि भारनियमनाच्या काळांत, हांकेच्या अंतरावर दीपनगरचें औष्णिक वीज केंद्र असूनहि, ती सहा-सहा तास नुसती फळी होऊन पडे, हीहि निराळी.

येथवरची कथा सुशिक्षित वाचकाला गोड वाटेल. आतां तिची दुसरी बाजू. १९१२ मध्यें, म्हणजे विद्युत्-गिटारीच्या आधीं एकोणीस वर्षें, जपानांतील नागोया शहरीं मोरिता गोरो यानें एक वाद्य बनविलें. फळीवर तारा ताणलेल्या आणि वर टंकलेखन-यंत्रासारखीं बटनें. बटन दाबलें कीं तार योग्य जागीं दाबली जाते. त्या वर्षीं जपानांत तैशो शकाचा आरंभ झाला, म्हणून त्याचें नांव तैशोगोतो. तें आपल्याकडे आलें आणि ‘बुलबुलतरंग’ झालें. महाराष्ट्रांतल्या गल्ल्यांनीं त्याला ‘बँजो’ म्हटलें. हें नांव वस्तुतः चुकीचें. खरा बँजो आफ्रिकेंतून अमेरिकेंत नेलेल्या गुलामांनीं घडविलेलें, कातडें मढविलेलें, अगदीं वेगळें वाद्य आहे. पण चुकीचें कां होईना, लोकांनीं दिलेलें नांव तें. पुढें आमच्या कारागिरांनीं त्याच्या तारांखालीं चुंबक आणि वेटोळें बसविलें, शेजारीं बॅटरी आणि वर भोंगा आला, आणि वरातीच्या गोंगाटांतहि त्याचा सूर चढून राहूं लागला. किंमत थोडी, गुरूवांचून शिकतां येणारें, एकदां ऐकलेलें गाणें सायंकाळपर्यंत बोटांत उतरविणारें. आज जळगांव-धुळ्याकडे लग्नसराई, गणेशोत्सव किंवा श्रावणांतली कानबाईची मिरवणूक बँजोवांचून सुनी वाटते. २०१६ मध्यें या वादकांच्या जीवनावर ‘बँजो’ नांवाचा हिंदी चित्रपटहि निघाला.

पोलादी तार, चुंबक, वेटोळें, ध्वनिवर्धक. गिटार आणि बँजो यांचें गोत्र एक आहे. दोन्हींचें माहेर परदेशीं, दोन्ही हातोहात आलेलीं, दोन्हींची दुरुस्ती त्याच मोटारवाल्याच्या दुकानांत. मग एकीला दिवाणखान्यांत खुंटी आणि दुसऱ्याला मांडवाबाहेरची धूळ, हा भेद कोठून आला? सुरांतून खचित नव्हे. बँजोला मींड नाहीं असें कोणी म्हणेल. पण तें तर पेटीलाहि नाहीं, आणि पेटी आपण देवघरापर्यंत नेली आहे. भेद आहे तो वाजविणाऱ्याचा. आपल्या समाजांत वाजंत्र्यांचा धंदा जातीनें नेमून दिलेला होता. त्यांच्या वाद्यांवांचून नवरदेवाचें पाऊल हालत नसे, आणि त्यांची पंगत मात्र शेवटची आणि निराळी बसे. ती पंगत आतां मोडली असें आपण म्हणतों. मला वाटतें, ती माणसांवरून उठून वाद्यांवर जाऊन बसली आहे.

माझ्या वर्गांत कांहीं वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी होता. लग्नसराईंत त्याची हजेरी तुटे, कारण रात्रीं तो बँजो वाजवी आणि त्यावर घरचा खर्च चाले. महाविद्यालयाच्या अर्जांत ‘कलागुण’ या रकान्यापुढें त्यानें रेघ ओढली होती. कारण विचारलें तेव्हां तो म्हणाला, “सर, तें काम आहे, कला थोडीच!” पुढें स्नेहसंमेलनांत त्याला वाजवूं द्यावें असें मीं सुचविलें, तेव्हां “तें वरातीचें वाद्य, येथें शोभणार नाहीं,” असें उत्तर मिळालें. त्याच संमेलनांत दोन मुलांनीं गिटार वाजविली. बरी वाजविली, आणि टाळ्याहि मिळाल्या. तो विद्यार्थी मागच्या रांगेंत उभा राहून ऐकत होता. त्यांची एक तार उतरलेली आहे, हें त्या सभागृहांत बहुधा त्याला एकट्यालाच कळलें असावें. कारण तसें त्यानें मला हळूच सांगितलें, आणि तें खरें होतें.

वाद्यांचा इतिहास आपल्याला एवढेंच शिकवितो, कीं प्रतिष्ठा ही वाद्याच्या लाकडांत नसते. ज्या व्हायोलिनला एके काळीं परकें म्हटलें, तें आज मंदिरांत आहे. ज्या पेटीला रेडिओनें बाहेर घातलें, तिच्यावांचून आज भजन उभें राहत नाहीं. आणि ज्या गिटारीला उनाड पोरांचा नाद म्हणून हिणविलें, तिच्या शिकवणीचे पैसे आज आपण हौसेनें भरतों. प्रत्येक वेळीं वाद्य आधीं आलें आणि मान मागाहून आला. मधल्या काळांत तें जिवंत ठेवणारे मात्र मानकरी नव्हते. ते पोटासाठीं वाजविणारे होते, जुनें विकत घेऊन दुरुस्त करणारे होते, आणि इतिहासानें त्यांचीं नांवें लिहून ठेविलीं नाहींत. बँजोच्या बाबतींत तो मधला काळ अद्यापि चालू आहे. तो किती लांबवावयाचा, हें ठरविण्यासाठीं कोणत्याहि दप्तराची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पुढल्या लग्नांत वरात दाराशीं येईल, तेव्हां भोंग्यामागें बटनांवर बोटें चालविणाऱ्या त्या मुलाचें नांव विचारावें, आणि पंगतींत त्याच्यासाठीं एक पाट मांडावा. इतिहासाचें एक पान तेवढ्यानेंहि लिहिलें जाईल.